बाई मल्हार

"मॅडम, मिशी लावणार का?"

प्रश्न मागच्या रांगेतून आला आणि अख्खा हॉल हसला. पत्रकार हसले, छायाचित्रकार हसले, चहाचे कप गोळा करणारा माणूसही हसला. मी व्यासपीठावर खाकी गणवेशात बसले होते. छातीवर नावाची पितळी पट्टी होती, म. कदमबांडे. पुण्यात एवढे कॅमेरे माझ्याकडे पहिल्यांदाच वळले होते, आणि पहिला प्रश्न हा.

विचारणारा माणूस उभाच होता. साठीच्या आसपासचा, सफारी घातलेला, भांग अगदी पट्टीनं आखल्यासारखा.

"मी दिनकर वाळिंबे. कराडला माझं औषधांचं दुकान आहे, मी पत्रकार नाही. मल्हार वाचक मंडळाचा अध्यक्ष म्हणून आलोय. मल्हार मिशीला पीळ देतो तेव्हा वाचकाला कळतं की गुन्हेगार सापडला. मॅडम कशाला पीळ देणार?"

पुन्हा हशा. मी माइक ओढला.

"मल्हार मिशीनं विचार करत असेल तर तुमचं बरोबर आहे. मी आजवर समजत होते, तो डोक्यानं करतो."

आता टाळ्या माझ्या बाजूनं पडल्या. वाळिंबे मात्र बसले नाहीत. "उत्तर चांगलं आहे," ते म्हणाले, "पण मल्हार पुरुष आहे. पन्नास वर्षं पुरुष आहे. तुम्हाला बाई फौजदार हवी तर नवी लिहा ना. कुणी अडवलंय? आमचा मल्हार कशाला घेता?"

तेव्हा धारप उठले. श्रीनिवास धारप, आमच्या मालिकेचे निर्माते आणि दिग्दर्शकही. रेशमी झब्बा, भारदस्त आवाज. "वाळिंबेसाहेब, मल्हार हा राग आहे. तो काय फक्त पुरुषच गातात?" एवढं बोलून ते थांबले, टाळ्या संपेपर्यंत. मग माझ्याकडे हात करून म्हणाले, "धैर्याला, बुद्धीला, न्यायाला लिंग नसतं. हेमांगी सरनोबत मल्हारचा एकही शब्द बदलणार नाही. फक्त माणूस बदललाय."

त्या वाक्यावर मी विश्वास ठेवला. धारप बोलायचेच असे, की बाहेर पडताना आपण थोडे उंच झालोत असं वाटावं.

ज्यांनी मल्हार वाचला नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही लहान असताना एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर खिशात मावतील अशा कादंबऱ्या मिळायच्या. त्यातला फौजदार मल्हार कदमबांडे हा गोळी झाडत नसे. मारामारी करत नसे. शेवटच्या प्रकरणात तो गुन्हेगारासमोर एकटा जायचा, टोपी काढून मांडीवर ठेवायचा आणि म्हणायचा, "बसा. खरं सांगायला वेळ लागतो." आणि समोरचा माणूस, मग त्याच्या हातात कोयता असो नाहीतर पिस्तूल, बसायचा आणि सांगायचा. तेवढी चारपाच पानं वाचण्यासाठी आम्ही बाकीचं पुस्तक वाचायचो. माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. मुक्कामाच्या गाडीवरून परत येताना ते एक मल्हार घेऊन यायचे, आणि मग माझ्यात आणि माझ्या भावात तो आधी कोण वाचणार यावरून भांडण. खेळायला लागलो की भाऊ मल्हार व्हायचा. मी हवालदार रावजी. रावजी म्हणजे मल्हारचा मदतनीस, प्रेमळ, जरा घाबरट, त्याचं काम कंदील धरायचं. मी एकदा म्हटलं, आज मी मल्हार. तर भाऊ म्हणाला, मग मी खेळत नाही. खेळ तिथंच संपला. मी आईकडे गेले तर ती म्हणाली, "अगं, त्याला होऊ दे की. तुला काय फरक पडतो?"

मला फरक पडत होता. चौतिसाव्या वर्षीही पडत होता. कोल्हापुरात नाटकांतून दहाबारा वर्षं कुणाची तरी बायको, कुणाची तरी वहिनी आणि दोनदा मेलेली आई करून झाल्यावर मला धारपांचा फोन आला होता. लेखक तोवर वारले होते, त्यांच्या मुलांकडून रीतसर हक्क घेतले होते. "तुमच्या आवाजात मल्हार आहे," धारप म्हणाले होते. फोन ठेवल्यावर मी भावाला कळवलं. तो आता इचलकरंजीला असतो. तो हसला आणि म्हणाला, "अखेर झालीस म्हणायची."

शूटिंग कोल्हापूरजवळ सुरू झालं. पहिल्या आठवड्यात मला काही खटकलं नाही. खटकलं असेल तर मी ते मनातच दाबलं. मालिकेचे संवाद रोज सकाळी हातात यायचे, त्यामुळे पुढं काय आहे ते कुणालाच माहीत नसायचं.

आधी मल्हारला नवरा आला.

"पुस्तकात मल्हारचं घर कधीच दाखवलेलं नाही," मी म्हटलं.

"पुरुषाचं नाही दाखवलं तरी चालतं," धारप म्हणाले. "बाईचं घर नाही दाखवलं तर लोक विचारतात, हिला कोणी नाही का?"

मग एक प्रसंग आला, त्यात मल्हार रात्रीच्या तपासाला जाण्यासाठी नवऱ्याची परवानगी मागते. नवरा उदार मनानं देतो. मी तो केला. करताना दात आवळून केला, पण केला.

मग मल्हारला एक बहीण आली. मेलेली. लहानपणी तिच्यावर अत्याचार झाला होता, म्हणून मल्हार पोलिसात गेली. मी धारपांच्या खोलीत कागद घेऊन गेले.

"हे कशाला? मल्हार फौजदार आहे कारण तो फौजदार आहे. त्याला कारण लागत नाही."

"त्याला नाही लागत, हेमांगीताई. हिला लागतं. नाहीतर लोक म्हणतील, चांगल्या घरची बाई खुन्यांच्या मागं का फिरतेय?"

"आपण तर म्हणालो होतो, एक शब्दही बदलणार नाही."

"शब्द कुठं बदललेत?" ते हसून म्हणाले. "भर घातलीय."

मी परत आले. हवालदार रावजीचं काम दत्ता पोवार करायचा. कोल्हापूरचाच, गडी मोठा गुणी. तो मेकअपच्या खुर्चीतून म्हणाला, "ताई, जाऊ दे की. शेवटचा सीन तर आपलाच हाय. तो कसा बदलतील? तो बदलला तर मग राहिलं काय?"

मलाही तेच वाटत होतं. शेवटच्या चार पानांसाठी मी बाकीचं गिळत होते.

शेवटचा प्रसंग एका जुन्या गूळ-गोदामात ठेवला होता. शहराबाहेर, रस्त्यापासून आत. गूळ कधीच गेला होता, पण जमिनीत तो इतका मुरला होता की चालताना चपला चिकटायच्या आणि गांधीलमाशा अजून फिरत होत्या. कथेत तिथं एका गूळ-अडत्यानं आपल्या भागीदाराचा खून केलेला असतो. मल्हार तिथं एकटा जातो. अडत्याचं काम शिवरामकाका करत होते, रंगभूमीवरचा जुना जाणता नट. ते सकाळपासून कोपऱ्यात पाठ करत बसले होते. पुस्तकातलं कबुलीचं ते लांब भाषण त्यांना तोंडपाठ होतं.

त्या दिवशी पाहुणेही होते. धारपांनी वाळिंबेंना बोलावून घेतलं होतं. पुण्यातल्या त्या प्रश्नानंतर वर्तमानपत्रांत दोन आठवडे वाद चालला होता, पत्रांचा रतीब लागला होता. "आज मल्हारला बाई केलं, उद्या भीमाला लुगडं नेसवाल" असं एकानं लिहिलं होतं. वाद हवाच होता धारपांना, पण आता तो गोड करून घ्यायचा होता. मंडळाचे अध्यक्ष शूटिंग बघताहेत, मल्हारशी हस्तांदोलन करताहेत, असे फोटो हवे होते.

वाळिंबे स्वतःची मारुती व्हॅन चालवत आले. सोबत डबा आणला होता. मला नमस्कार केला आणि म्हणाले, "राग नसावा. मी त्या दिवशी बोललो ते अजूनही म्हणतो."

"मीही अजून तेच म्हणते."

"मग बरं आहे," ते म्हणाले आणि लांब एका पोत्यावर जाऊन बसले.

तेवढ्यात संवादांचे कागद आले. मी उभ्याउभ्याच वाचायला घेतले.

मल्हार गोदामात शिरते. अडत्या मागून तिच्या डोक्यात काठी घालतो. मल्हार शुद्धीवर येते तेव्हा ती खुर्चीला बांधलेली आहे. अडत्या कोयता उगारतो. मल्हार डोळे मिटते. "मल्हारच्या डोळ्यांतून अश्रू" असं कंसात लिहिलेलं होतं. दार फोडून रावजी आत येतो. अडत्याला लोळवतो. मल्हारच्या दोऱ्या सोडतो. मग टोपी काढून अडत्यासमोर बसतो आणि म्हणतो, "बसा. खरं सांगायला वेळ लागतो."

रावजी म्हणतो!

मी ते पुन्हा वाचलं. मला वाटलं पानं चुकली असतील. दत्ताकडे बघितलं. त्याच्याही हातात कागद होते आणि तो माझ्याकडे बघत नव्हता.

"दत्ता?"

"मला आत्ताच मिळालं ओ ताई. आईशप्पत." त्याचा चेहरा पडला होता. "मला नको हे वाक्य. मी सांगतो त्यांना."

मी धारपांकडे गेले. ते कॅमेऱ्यामागं खुर्चीत होते.

"हे काय आहे?"

"क्लायमॅक्स," ते म्हणाले. "जबरदस्त होणार आहे."

"मल्हारला कुणी बांधत नाही. कुठल्याच पुस्तकात नाही. मल्हारचं वाक्य मल्हार म्हणतो."

"ताई, शांतपणे ऐका. बाई एकटी, हातात काही नाही, समोर कोयता घेतलेला माणूस. आणि ती म्हणणार बसा, आणि तो बसणार? कोणाला पटेल?"

"मल्हार पुरुष होता तेव्हा पटत होतं. त्याच्याही हातात काही नसायचं."

"त्याची गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी? तुम्ही पुण्यात म्हणालात, धैर्याला लिंग नसतं. मी शेजारी बसले होते."

त्यांनी घड्याळ बघितलं. "ते बोलायचं असतं, ताई. तो कार्यक्रम होता. ही मालिका आहे. बाई मल्हार करायचा तर थोडं बाईचंही हवं ना त्यात."

"बाईचं म्हणजे काय?" मी विचारलं. "दोरी?"

माझा आवाज किती चढला होता ते मला गोदाम शांत झाल्यावर कळलं. दिवे धरणारे, दोरी घेऊन उभा असलेला माणूस, सगळे थबकले होते. मला लाज वाटली नाही. आतून कढ येत होता. घरात बोलवायचं, पाट मांडायचा, चार लोकांसमोर आग्रह करायचा आणि मग ताटात उष्टं वाढायचं, तसं वाटत होतं. जे दारातूनच नाही म्हणतात ते परवडले.

आणि तेव्हाच पोत्यावरून आवाज आला.

"एक मिनिट. हे चुकतंय."

वाळिंबे उठून पुढं आले. धारपांच्या चेहऱ्यावर हसू आलं, सुटल्यासारखं. "या या. वाळिंबेसाहेब, तुम्हीच सांगा यांना. तुमचा आक्षेप होता बाई नको म्हणून. तुमचंच तर ऐकलंय. मल्हारचं वाक्य आता पुरुष बोलतोय."

वाळिंबेंनी माझ्या हातातले कागद मागून घेतले. चष्मा कपाळावर सरकवून, अगदी डोळ्यांजवळ धरून वाचले. त्यांची मान हळूहळू लाल होत गेली.

"मी बाई नको म्हणालो होतो," ते म्हणाले. "मल्हार नको असं नव्हतो म्हणालो."

"म्हणजे?"

"म्हणजे हे काय लिहिलंय? मल्हार रडतो? मागून कुणीतरी काठी घालतो आणि मल्हारला कळत नाही? तुम्ही पुस्तक वाचलंय का हो? अडत्या मागं उभा आहे हे त्याला दारातच कळतं. गांधीलमाशा एका कोपऱ्यातून उठलेल्या असतात, त्यावरून! ह्यात बाईही नाही आणि मल्हारही नाही. नाव काढा त्याचं ह्यावरून. मग काय पाहिजे ते करा."

"नावावर तर मालिका विकली गेलीय," धारप म्हणाले. ते सहज म्हणून गेले.

मग मी म्हटलं, "एकदा पुस्तकातल्यासारखा करू द्या. एकदाच. शिवरामकाकांना पाठ आहे. मग तुम्हाला काय करायचं ते ठरवा."

धारपांनी पुन्हा घड्याळ बघितलं. मला वाटतं, वाळिंबे तिथं नसते तर ते नाहीच म्हणाले असते. "एक टेक," ते म्हणाले. "मग माझा."

मी दाराबाहेर गेले. टोपी नीट केली. आत शिरले.

त्या टेकविषयी मी फार सांगू शकत नाही, कारण मी तो बघितला नाही, मी त्यात होते. एवढं आठवतं की दारात मी थांबले आणि कोपऱ्याकडे न बघता म्हणाले, "पुढं या. मागून आलात तर गांधीलमाशा चावतील." शिवरामकाका कोयता घेऊन पुढं आले. मोठे डोळे, घामानं भिजलेला सदरा. ते इतके जवळ आले की त्यांच्या श्वासातला तंबाखूचा वास आला. मला भीती वाटली, खरी. मल्हारलाही वाटत असेल असं माझ्या तेव्हा लक्षात आलं. पुस्तकात तसं कधी लिहिलेलं नव्हतं. मी टोपी काढली, गुळाच्या एका रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर बसले आणि टोपी मांडीवर ठेवली.

"बसा," मी म्हणाले. "खरं सांगायला वेळ लागतो."

अडत्या बसायच्या आधी पुस्तकात त्याच्या दोन ओळी आहेत. शिवरामकाकांनी त्या म्हटल्याच नाहीत. त्यांचा कोयता खाली आला आणि ते जमिनीवरच बसले, फतकल घालून, आणि बोलायला लागले. भागीदाराचं नाव घेताना ते अडखळले, आणि ते अडखळणं पाठ केलेलं नव्हतं.

भाषण संपलं तरी कुणी कट म्हणालं नाही. शेवटी दत्ताच म्हणाला, कुठून तरी मागून, "आयला."

धारप उठले. टाळ्या वाजवल्या, दोनच. "छान. फारच छान, ताई. सांभाळून ठेवू हा." मग वळून म्हणाले, "चला, दोरी आणा."

मला वाटतं, त्यांनी तो टेक वाईट ठरवला असता तर मी थांबले असते. भांडले असते, कदाचित हरलेही असते. पण त्यांना तो चांगला वाटला होता. त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. चांगला वाटूनही ते दोरीच मागत होते.

दोरीवाला माणूस माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "मॅडम, हात," तो हळूच म्हणाला.

मी पितळी पट्टी काढली. टोपी डब्यावर ठेवली.

"हेमांगीताई, ह्या दारातून बाहेर गेलात तर परत काम मिळणार नाही," धारप म्हणाले. "मी धमकी देत नाहीये. एवढी माणसं खोळंबलीत, हे सगळीकडे कळेल. तुम्हाला कोण घेईल?"

"कुणाची तरी वहिनी करायला घेतील," मी म्हटलं आणि बाहेर पडले. दत्ता मागून हाका मारत होता. मी वळले नाही, वळले असते तर रडले असते, आणि त्या कंसातलं वाक्य मला खरं करायचं नव्हतं.

रस्त्यापर्यंत चालत आले. खाकी कपडे तसेच अंगावर. एक ट्रकवाला सलाम करून गेला. मग मागून व्हॅन येऊन थांबली.

"बसा," वाळिंबे म्हणाले. "स्टँडवर सोडतो."

उसाच्या ट्रॅक्टरमागं गाडी रेंगाळत होती. मग ते म्हणाले, "तुम्ही फार चांगलं केलंत. मला काटा आला. पन्नास वर्षं मी ते प्रकरण वाचतोय, तो प्रसंग मला असाच दिसायचा."

"मग आता तरी मान्य आहे ना?"

"काय?"

"की बाई मल्हार होऊ शकते."

त्यांनी गिअर बदलला. मग म्हणाले, "नाही. तुम्ही मल्हार होतात, हे मी बघितलं. पण मल्हार पुरुषच आहे."

त्या दिवशी धारपांवर ओरडले नव्हते तेवढी मी ह्या माणसावर ओरडले. "गाडी थांबवा!" ते घाबरले, गाडी कडेला घेतली. "तुम्ही तुमच्या डोळ्यांनी बघितलं! काटा आला म्हणता! आणि तरी पुरुष? मग तिथं डब्यावर कोण बसलं होतं? सांगा ना. कोण होतं ते?"

त्यांनी दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले होते. समोर बघत राहिले.

"मला आत्ता सांगता येत नाही," ते म्हणाले. "मला विचार करावा लागेल."

"करा," मी म्हटलं. स्टँडवर मी उतरले.

मालिका आली. माझ्या जागी पुण्याची एक मुलगी घेतली होती, गोड चेहऱ्याची, चोविशीतली. तिचा काही दोष नव्हता. जाहिरातीत सगळीकडे तिचं एकच चित्र होतं: खुर्चीला बांधलेली फौजदार, डोळ्यांत पाणी. कोल्हापुरात चौकात ते फलक लागले होते. मी बसमधून जाताना मान फिरवायचे. आठच भाग झाले आणि मालिका बंद पडली. लोकांनी बघितलीच नाही. का बघतील? जो मल्हार त्यांना आवडत होता तो त्यात नव्हता.

पण असं कुणी लिहिलं नाही. लिहून काय आलं? "बाई मल्हार प्रेक्षकांनी नाकारला." एका रविवार पुरवणीत मोठा लेख आला, की काही भूमिका पुरुषांच्याच असतात, हे आता प्रयोगानं सिद्ध झालं. धारपांची मुलाखत आली. "आम्ही धाडस केलं," ते म्हणाले. "मराठी प्रेक्षक अजून तयार नाही." मी तो पेपर टराटरा फाडला. प्रेक्षक तयार नाही! तयार कोण नव्हतं ते मी गोदामात उभी राहून बघितलं होतं. एक बाई घ्यायची, तिची अक्कल काढून घ्यायची, हिंमत काढून घ्यायची, तिचं वाक्य दुसऱ्याला द्यायचं, तिला खुर्चीला बांधायचं, आणि मग म्हणायचं, बघा, हिला उभं राहता येत नाही! त्या लेखानंतर पुढची कितीतरी वर्षं कुठल्याही बाईनं तसली भूमिका मागितली की निर्माते म्हणायचे, मल्हारचं काय झालं माहितीय ना? मी स्वतः ऐकलंय, माझ्याच तोंडावर.

त्याच वर्षी दिवाळी होऊन गेल्यावर वाळिंबेंचा फोन आला. कराडला मंडळाची वार्षिक सभा होती. मालिका बंद पडल्याबद्दल अध्यक्षांचा सत्कार होता. "तुम्ही यावं," ते म्हणाले.

"तुमच्या विजयोत्सवाला? मी?"

"यावं," ते पुन्हा म्हणाले. "मी विचार केलाय."

मी गेले. का गेले ते सांगता येत नाही. भांडायलाच बहुतेक. एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर सभा होती. पन्नासेक माणसं, बहुतेक सगळे वयस्कर पुरुष, मला बघून कुजबुजले. मी मागं बसले. नारळ झाला, शाल झाली. "मल्हार वाचवल्याबद्दल" असं सूत्रसंचालक म्हणाले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मग वाळिंबे बोलायला उभे राहिले. शाल खांद्यावरून काढून खुर्चीवर ठेवली.

"मल्हार मी वाचवला नाही," ते म्हणाले. "मालिका पडली कारण त्यात मल्हार नव्हता. पण मी मल्हार पाहिला आहे. कोल्हापूरजवळ एका गूळ-गोदामात, एकदाच. तो प्रसंग तुम्हा कुणाला दिसणार नाही, तो टेक कुणी सांभाळून ठेवला असेल असं मला वाटत नाही. म्हणून मला सांगणं भाग आहे. तो मल्हार ह्या बाई होत्या. त्या मागं बसल्या आहेत."

सगळ्या माना वळल्या.

"अहो, पण मल्हार पुरुष आहे," पुढून कुणीतरी म्हणालं.

"मीही कितीतरी महिने तेच म्हणत होतो. यांनी मला गाडीत विचारलं, मग तिथं कोण बसलं होतं? मला उत्तर देता आलं नाही. रोज दुकान उघडताना तोच प्रश्न. आज देतो. मल्हार बसला होता. पुण्यात मी मिशीबद्दल विचारलं, ते मूर्खपणाचं होतं. मी चुकलो."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुढच्या दोनतीन खुर्च्या सरकल्या, माणसं उठून जिन्याकडे गेली. एकजण जाताना मोठ्यानं म्हणाला, "सत्कार तरी परत करा." सूत्रसंचालकांनी आभार घाईघाईत मानले. पुढच्या वर्षी मंडळानं दुसरा अध्यक्ष निवडला, असं मला नंतर कळलं.

हॉल रिकामा झाल्यावर मी पुढं गेले. भांडण घेऊन आले होते, ते ठेवायला जागा नव्हती.

"हे पेपरात यायला पाहिजे," मी म्हटलं. "तिकडं काय काय छापलंय तुम्ही वाचलंय. हे यायला पाहिजे, वाळिंबे."

"मी सगळ्यांना कळवलं होतं," ते म्हणाले. "पुण्याला आले होते त्या प्रत्येकाला. साताऱ्याच्या, कोल्हापूरच्या, सगळ्यांना. फोनवर सांगितलं, की मी माझं म्हणणं मागं घेणार आहे."

"मग?"

त्यांनी पहिल्या रांगेकडे बोट दाखवलं. तिथं चार खुर्च्या राखून ठेवल्या होत्या, प्रत्येकीवर कागद चिकटवलेला, पत्रकारांसाठी. एकीवरही कुणी बसलं नव्हतं.

वाळिंबेंनी वाकून एक कागद सोलून काढला. मी दुसरा काढला. मग आम्ही दोघांनी त्या खुर्च्या घडी करून भिंतीला लावल्या.